ठमी आणि देवघरापुढचं बस्कर

सातारा,
आषाढ वद्य षष्ठी

चि. मुक्ता,

ठमी कुत्री घरात शू करते याबद्दलचा तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. मोबाईलवर तेवढं टाइप करणं मला जमत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. नीलेशने याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायला हरकत नाही, पण तात्यांबद्दलचा भाग आधी तू वाच आणि मग ठरव.

पहिलं काम म्हणजे उद्या सकाळची ठमीची पहिली लघवी तपासायला दे. सवयी, शिस्त, शिकवण हे सगळं त्यानंतर. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, जंतूंना आत शिरायला सोपं जातं. मूत्राशयाला संसर्ग झाला असेल तर तिला सारखी थोडी थोडी करावीशी वाटेल, आणि मग तू कितीही शिकवलंस तरी तिला धरून ठेवता येणार नाही. नमुना घ्यायला एखादी खोलगट ताटली किंवा लांब दांड्याची जुनी पळी पुरते. ती बसली की मागून हळूच सरकवायची, सुरुवातीची धार सोडून मधली धरायची, स्वच्छ कोरड्या बाटलीत ओतायची आणि दोनेक तासांत लॅबमध्ये पोचवायची. उशीर होणार असेल तर तोवर फ्रीजमध्ये. (माईंना फ्रीजमधल्या बाटलीबद्दल सांगायचं की नाही ते तू बघ.) पळी मात्र परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

त्याच दिवशी ती पाणी किती पिते ते मोज. खुणेच्या बाटलीने भांडं भरायचं, रात्री उरलेलं वजा करायचं. दिवसाला वजनाच्या किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी लागत असेल तर आत काहीतरी बिघडलंय असं आम्ही पशुवैद्य धरतो. ठमी १४ किलोची, म्हणजे १,४०० मिली ही शेवटची रेघ. या पावसात ती त्यापेक्षा बरंच कमी प्यायला हवी. मागच्या महिन्यात ती माजावर येऊन गेली असं तू लिहिलंस. माजाच्या दिवसांत कुत्र्या जागोजागी थोडी थोडी लघवी करतात, ते नरांसाठीचे निरोप असतात, त्यावर उपाय करायचा नसतो. पण माजानंतरच्या महिना-दोन महिन्यांत नसबंदी न झालेली कुत्री अचानक घटाघट पाणी प्यायला लागली, जेवेनाशी झाली, मरगळली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तेव्हा सकाळ व्हायची वाट पाहायची नाही. लघवी गडद लाल-तपकिरी दिसली तरीही लगेच जायचं. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापांपैकी एकात, बबेसियात, तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो.

तपासणीवर मी एवढा अडून बसतो त्याला कारण आहे. कोरेगावकडच्या एका वाड्यात एक लॅब्रॅडॉर होता. तो फक्त थोरल्या मुलाच्या गादीवर लघवी करायचा. मुलगा त्याच्यावर ओरडतो म्हणून तो सूड घेतो, अशी घरच्यांची पक्की समजूत. एक्स-रेमध्ये मूत्राशयात खडे दिसले. आणि गादी थोरल्याचीच का, तर तेवढी एकच जमिनीवर अंथरलेली असायची, बाकीचे पलंगावर झोपायचे.

आता रिपोर्ट स्वच्छ आला असं धरून पुढचं लिहितो.

ती कुठे शू करते त्या जागांची यादी दिलीस हे फार बरं केलंस. हॉलमधला गालिचा, दारातलं पायपुसणं, देवघरापुढचं बस्कर आणि तात्यांची खाली घसरलेली गोधडी. माई म्हणतात ती देवघर बाटवते. नीलेश म्हणतो ती बरोबर महागडा गालिचा हेरते. या चारही वस्तूंवरून एकदा हात फिरव. सगळं कापड आहे. उघड्या फरशीवर तिने केल्याची एकही नोंद तुझ्या यादीत नाही, आणि बाहेर गवतावर तासभर फिरूनही ती करत नाही.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला आपण होऊन शू-शी करता येत नाही. आई चाटून ती करवते आणि साफही करून टाकते. पहिले तीनेक आठवडे हे चालतं. नंतर चालता यायला लागलं की पिल्लू झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करायला शिकतं. साधारण पाचव्या ते नवव्या आठवड्यात आणखी एक गोष्ट पक्की होत जाते: पायाखाली काय लागलं की ती जागा शू करायची. ठमीला पिल्लं सांभाळणाऱ्या त्या संस्थेने उचललं तेव्हा ती सहा आठवड्यांची होती, आणि तुझ्याकडे येईपर्यंत ती खोलीतच वाढली. तुझ्याच फोटोत मी पाहिलंय, खाली गोणपाट आणि जुन्या चादरी. ज्यांनी तिला जगवलं त्यांचा यात काही दोष नाही, पावसाळ्यात वीस पिल्लं कोरडी ठेवायची तर दुसरं काय अंथरणार? पण तिच्या तळव्यांना मऊ, कोरडं, पाणी शोषणारं कापड म्हणजेच मोरी असं ठाऊक झालं. उकिडवं बसायची सवय असलेल्या माणसाला नव्या फ्लॅटमध्ये नुसता कमोड मिळाला तर त्याची पहिल्या दिवशी जी गत होते, ती तिची ओल्या गवतावर होते. मूत्राशय भरलेलं असतं, पण होत नाही. मग घरी येते, पायाला गालिचा लागतो आणि सुटका होते.

म्हणून बाहेरच तिला कापड दे. दोन स्वच्छ गोणपाटं आण. पार्किंगच्या कडेला, जिथे वर स्लॅब आहे आणि शेजारी माती आहे, तिथे एक अंथर. सेक्रेटरींना आधी सांगून ठेव आणि ते रोज उचलून धू, नाहीतर कुत्रीआधी तुझ्यावरच नोटीस निघेल. तिच्या लघवीने भिजलेला फडका त्यावर टेकवून वास लावून ठेव. सकाळी उठल्याबरोबर, प्रत्येक जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत, दुपारच्या झोपेनंतर, खेळून झाल्यावर आणि रात्री निजण्याआधी तिला दोरीने थेट तिथे न्यायचं आणि उभं राहायचं. बोलायचं नाही, मोबाईल काढायचा नाही. ती बसली की हलक्या आवाजात एकच शब्द, घरातल्या सगळ्यांचा तोच: ‘शू कर’. संपताक्षणी, तिथेच उभं राहून, उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा तुकडा. घरी आल्यावर दिलेला तुकडा तिच्या हिशेबात घरी आल्याबद्दलचा असतो. नेम बसला की गोणपाट दर काही दिवसांनी कापून लहान करत जा, म्हणजे पुढचे पाय मातीवर, मग चारही मातीवर. एखाद्या पायरीवर अडली तर मागचा आकार पुन्हा आण. घाई करण्यासारखं यात काहीच नाही.

तोवर घरात जमिनीवर कापड ठेवायचं नाही. गालिचा गुंडाळून कपाटावर. पायपुसणं दाराबाहेर. माईंना पूजेला महिना-दोन महिने लाकडी पाट घ्यायला सांग, पाटात ठमीला रस नाही. आणि बाहेर नेऊनही तिने केली नाही, तर घरात आल्यावर तिला मोकळं सोडायचं नाही. दोरी तुझ्या कमरेला बांध किंवा तिला स्वयंपाकघराच्या गॅलरीत तुझ्या नजरेसमोर ठेव, दहा-पंधरा मिनिटांनी परत खाली. मधल्या वेळात ती जमीन हुंगत फिरायला लागली, अचानक खेळ सोडून कोपऱ्याकडे निघाली, की चपला घालायच्या.

तुमच्या फिरण्यातली एक गोष्ट मला खटकली. नीलेश लिहितो की सकाळी ऑफिसची घाई असते, म्हणून ती शू करायची वाट बघतो आणि केली की लगेच वळतो. म्हणजे ठमीच्या बाजूने बघितलं तर शू केली की फिरणं संपतं. हुशार कुत्रा यातून एकच धडा घेतो, होईल तेवढी धरून ठेवायची. क्रम उलटा करा. आधी गोणपाट, मग बक्षीस, आणि फिरणं त्यानंतर. वेळ दहाच मिनिटांचा असला तरी चालेल, पण तो शूनंतरचा असू दे.

तिचं पुरतं झालं की नाही हे ओळखायला घड्याळ बघ. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांनी २०१४ मध्ये दाखवलं की तीन किलोंहून मोठे सस्तन प्राणी, मग कुत्रा असो की हत्ती, भरलेलं मूत्राशय रिकामं करायला साधारण २१ सेकंद घेतात. यात साधारण तेरा सेकंद इकडेतिकडे होतात. ठमी तीन सेकंद बसून उठली तर तो नुसता निरोप आहे, किंवा अर्धं काम बाकी आहे. उरलेलं गालिच्यासाठी आहे असं समज.

फिनाईल बंद. माईंना ते पटणार नाही, कारण फिनाईलचा वास आला की त्यांच्या लेखी घर शुद्ध झालं. आपल्या नाकाला लघवीचा वास येईनासा होतो एवढंच, ठमीच्या नाकाला खालचा वास तसाच येतो आणि ती परत तिथेच जाते. शिवाय फिनाईल चाटलं गेलं तर अपाय होतो. आधी जुन्या फडक्याने दाबून टिपून घ्यायचं, मग पाण्याने धुवायचं, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळतं ते एन्झाइमचं द्रावण ओतून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ राहू द्यायचं. ते नसेल तर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर बरं. अमोनियाचा क्लीनर अजिबात नको, कारण लघवीच्या वासातच अमोनिया असतो. ब्लीच लघवीवर ओतू नये, त्यातून निघणारा वायू माणसाच्याच छातीत भरतो.

आता नीलेशच्या सूचनेबद्दल. त्याच्या लहानपणी त्याच्या काकांनी कुत्र्याचं नाक लघवीत घासून त्याला सुधारलं होतं म्हणे. मला वाटतं तो कुत्रा वयाने सुधारला आणि श्रेय काकांनी घेतलं. चार महिन्यांखालच्या पिल्लाला मुळात फार वेळ धरून ठेवताच येत नाही, नंतर ते आपोआप जमायला लागतं. शिक्षा तिथल्या तिथे नसेल तर कुत्रा ती मागच्या कृतीशी जोडत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाशी जोडतो. मग तो माणूस बघत असताना शू करायची नाही एवढं तो नक्की शिकतो. दिवाणामागे, सोफ्याखाली करतो, आणि बाहेर त्याच माणसाबरोबर गेल्यावर धरून ठेवतो.

‘पण तिला कळतं, बघा कशी मान खाली घालते’ हे माईंचं म्हणणं मी प्रत्येक घरात ऐकलंय. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला खाऊला तोंड लावू नकोस म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने काय केलं ते त्याला सांगायचं, पण कधी खरं आणि कधी खोटं. कुत्र्याचा तो अपराधी चेहरा खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. न खाताही ज्यांना बोलणी बसली, त्यांचेच चेहरे जास्त अपराधी दिसले. ठमी मान खाली घालते ती माईंचा आवाज ऐकून. बस्कराशी तिने तो आवाज अजून जोडलेला नाही.

यावरूनच तात्यांकडे येतो. संध्याकाळी ते आले की ती दारातच अंग चोरते, कान मागे पाडते, कुशीवर वळते आणि थोडीशी शू होते. ही शू वेगळी. हिचा गालिच्याशी काही संबंध नाही आणि गोणपाटाने ती थांबणारही नाही. लहान कुत्री मोठ्यासमोर ‘मी लहान आहे, मला काही करू नका’ हे असं सांगतात. तात्या उंच, आवाज भारदस्त, हातात ओली छत्री, त्यात ते प्रेमाने वरून वाकून तिच्या डोक्यावर थाप मारतात. ठमीला त्यातलं प्रेम कळत नाही, अंगावर येणारा माणूस कळतो. त्यावर कोणी रागावलं तर ती आणखी मोठी माफी मागते, म्हणजे आणखी शू करते.

तात्यांना सांगणं अवघड आहे हे मी जाणतो, म्हणून माझ्या नावावर सांग. घरात येताना तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. छत्री बाहेर ठेवायची, हातपाय धुवायचे, पेपर घेऊन खुर्चीत बसायचं. ती आपण होऊन जवळ आली की नजर बाजूला ठेवून हात खाली सोडायचा, तिला हुंगू द्यायचा आणि मग हनुवटीखाली किंवा छातीवर खाजवायचं. डोक्यावर नाही. खाऊचा डबा तात्यांच्या खुर्चीजवळ ठेवलास तर काम लवकर होईल. सुरुवातीला त्यांची भेट गॅलरीत किंवा खाली पार्किंगमध्येच झाली तर पुसायचंही वाचेल. वय वाढलं, धीर आला की बहुतेक कुत्र्यांची ही शू आपोआप जाते. घाई केली, दटावलं, की मुक्काम वाढतो.

शी खाण्याबद्दल तू शेवटी दोनच ओळी लिहिल्यास, त्याही लाजत. लाजू नकोस. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये बेंजामिन हार्ट यांच्या गटाने मालकांकडून माहिती गोळा करून २०१८ मध्ये जे छापलं, त्यात साधारण १६ टक्के कुत्री वारंवार शी खाणारी निघाली. ती बहुतेक ताजीच, दोन दिवसांच्या आतली खातात, आणि जेवणावर तुटून पडणाऱ्यांत हे प्रमाण जास्त. त्यांचा अंदाज असा की ही लांडग्यांकडून आलेली वहिवाट असावी. शीतल्या जंतांची अंडी रोग पसरवण्याइतकी तयार व्हायला काही दिवस लागतात, तेवढ्यात गुहेजवळची घाण खाऊन टाकली तर कळप वाचतो. त्याच पाहणीत हेही दिसलं की यावर विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरी जवळजवळ कुणालाच लागू पडल्या नाहीत. तेव्हा अननस, मिरपूड, लिंबू हे कुणी सुचवलं तर ऐकून घे आणि सोडून दे.

तू तीन गोष्टी कर. शीचा नमुना जंतांसाठी तपास आणि जंताचं औषध वेळापत्रकाने दे. शी पडताच उचल. ती तिथे असताना तिला आधी खाऊ दाखवून दोन पावलं लांब बोलाव आणि मग पिशवी काढ. तिसरं म्हणजे ओरडत तिच्याकडे धावू नकोस. तू धावलीस की तिला वाटतं तुलाच ती शी हवी आहे, आणि ती जास्त लवकर गिळते. सध्याच्या पावसात उचलताना हातमोजे घाल. लेप्टोस्पायरोसिसचे (लेप्टोचे) जंतू उंदरांच्या आणि कुत्र्यांच्याही मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत आलेली लेप्टोची साथ तुला आठवत असेल. ठमीच्या लशीत लेप्टो आहे का ते तिच्या पुस्तकात बघून घे, आणि डबक्यातलं पाणी तिला पिऊ देऊ नकोस.

शी करण्याआधी ती गोल गोल फिरते आणि नंतर मागच्या पायांनी माती उडवते, याला नीलेशने विचित्र म्हटलंय. हे दोन्ही ठीक आहे. फिरताना ती जागा हुंगते आणि तुडवून घेते. माती उडवणं म्हणजे झाकणं नव्हे. पंजांत गंधग्रंथी असतात, त्यांचा वास आणि जमिनीवरचे ओरखडे मिळून तिची सही होते. चेक आणि जर्मन संशोधकांनी तर ७० कुत्र्यांची दोन वर्षं नोंद ठेवून २०१३ च्या शेवटी असं छापलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री शी करताना अंग उत्तर-दक्षिण ठेवणं पसंत करतात. त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. मोबाईलमधलं होकायंत्र काढून नीलेश ठमीच्या मागे उभा राहिला तर ती मुळीच करणार नाही, एवढं त्याला सांग. आणि शेजारचा पग पाय एवढा वर करतो की पडेल असं वाटतं, त्यालाही कारण आहे. लहान चणीची कुत्री अंगाच्या मानाने पाय जास्त वर करतात, असं कॉर्नेल विद्यापीठातल्या बेटी मॅग्वायर यांच्या गटाने मोजून दाखवलंय. खूण उंचावर गेली की पुढच्याला मोठ्या कुत्र्याचा भास होत असावा.

ती रात्री गाढ झोपेत असताना अंथरूण ओलं होत असेल, किंवा तुम्ही सगळे बाहेर गेल्यावरच दारापाशी शू, लाळ आणि ओरबाडे सापडत असतील, तर मला फोन कर. ती प्रकरणं वेगळी आहेत, पत्राने सुटणारी नाहीत. नसबंदीचं विचारलंस: करावी, माज संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ देऊन. काही माद्यांना पुढे वय वाढल्यावर झोपेत गळती होते हे खरं आहे, पण त्यावर औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं. गर्भाशयातल्या पुवाच्या मानाने तो त्रास किरकोळ.

दिवाळीच्या आधी ही घडी बसायला हवी. फटाक्यांना घाबरलेली कुत्री दोन-दोन दिवस खाली उतरत नाहीत आणि नीट बसलेली सवयही तेव्हा मोडते. त्या आठवड्यापुरतं तिचं छोटं गोणपाट गॅलरीत आणायला हरकत नाही, आणि खाली न्यायचं ते पहाटे, फटाके सुरू होण्याआधी.

रिपोर्ट आला की त्यातला पू-पेशींचा आकडा आणि विशिष्ट गुरुत्व, हे दोन आधी मला पाठव. सकाळच्या पहिल्या लघवीचं गुरुत्व १.०३० च्या वर आलं तर मूत्रपिंडं काम करताहेत आणि गोणपाटाला लागलीस तरी चालेल. बरंच खाली आलं तर गोणपाट राहू दे, आधी तिला डॉक्टरांकडे ने आणि पाणी मोजल्याचा कागद बरोबर घे.

माई-तात्यांना नमस्कार.

तुझा,
मामा